पितळी वॉलेट चेन: घरी जोडणी आणि निगा

वॉलेट चेन म्हणजे पाकीट पँटला बांधून ठेवणारी साखळी. हाताने जोडलेली साखळी सुटते ती कडीच्या सांध्यातून, तार सहसा तुटत नाही. तेव्हा खरी मेहनत सांध्यावर घ्या.

45 सेंटिमीटरच्या दुहेरी (दोन-दोन कड्यांच्या जोड्यांच्या) साखळीला 1.6 मिलिमीटरची (16 गेज) पितळी तार 4 मीटर पुरते. अगदी मऊ तार घेऊ नका. वळते छान, पण हिसका बसला की कड्या उघडतात. लांबी आधी सुतळी लावून ठरवा आणि दुचाकीवर बसूनही पाहा. झोळ गुडघ्याखाली आला तर तो किकमध्ये अडकतो.

तार 6 मिलिमीटरच्या सळईवर वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळा. साधारण 150 कड्या लागतात. कटरने कापलं तर टोक चिमटतं, सांध्यात फट राहते आणि खिशाचं अस्तर फाटतं. सोनारी करवतच वापरा, पात्याला मेण चोळून.

कडी उघडताना दोन चपट्या पकडींनी एक टोक पुढे, एक मागे सरकवा. बाहेर फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही. बंद करताना टोकं किंचित आत दाबत एकमेकांवरून पुढे-मागे न्या. ती एकमेकांना घासून जागेवर बसली पाहिजेत. मग सांध्यावरून सुती धागा ओढा. अडकला तर पुन्हा बसवा.

निम्म्या कड्या आधीच बंद करून ठेवा. उघडी कडी चार बंद कड्यांतून (दोन साखळीच्या टोकाच्या, दोन नव्या) ओवा, मिटवा. त्याच वाटेने तिची जोडीदार घाला. शेवटी भोवरकडीचा (स्वतःभोवती फिरणाऱ्या कडीचा) हूक हवाच, नाहीतर साखळीला पीळ पडतो. पाकिटाच्या भोकाला आयलेट (धातूची कडा) नसेल तर चामडं फाटतं. तयार साखळीला 5 लिटर पाण्याचा कॅन मिनिटभर टांगून ठेवा, मग प्रत्येक सांधा तपासा.

घामाने पितळ काळवंडतं, हिरवटही होतं. आठवड्याला साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. चिंच-मीठ दोन-तीन मिनिटंच. जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून पृष्ठभाग तांबूस पडतो. पितळ घासायची पावडर वापरलीत तर ती कड्यांच्या आत साचते, म्हणून भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. मुलामा दिलेल्या साखळीला चिंच आणि पावडर दोन्ही वर्ज्य. तेल लावू नका, धूळ धरतं आणि पँटवर डाग पडतात. मेणाचा पातळ हात मात्र चालतो.

झीज आधी टोकाच्या कड्यांना होते. महिन्यातून एकदा त्या पाहा, जाडी 1.2 मिलिमीटरवर आली की जोडीच बदला.