सबवूफर आणि स्पीकर जुळवायचे कसे: फ्लॅटमधल्या हॉलसाठी पायरीपायरीने

सबवूफर (थोडक्यात सब), म्हणजे फक्त खालचा खोल आवाज, बास, देणारा स्पीकर, घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती इंची घेऊ, आठ, दहा का बारा? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाय. तुमचे स्पीकर खाली कुठपर्यंत उतरतात, आणि ते जिथे थकतात तिथून सब आवाज नीट उचलून पुढे नेतो का? डग्गा कितीही मोठा असला आणि तबल्याशी लागलेला नसला तर पहिल्या आवर्तनातच कानाला कळतं, तसंच हे आहे. सब चालू आहे हे जाणवता कामा नये, बंद केला की मात्र हॉल एकदम रिकामा वाटला पाहिजे. एवढं जमलं की जुळलं समजायचं.

१. आधी आपले स्पीकर ओळखा

स्पीकरच्या मॅन्युअलमध्ये किंवा मागच्या लेबलवर ५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा आपल्या कामाचा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा. त्याच्यापुढे अधिक-उणे ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) लिहिलं असेल तर आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा, काहीच लिहिलं नसेल तर थोडा वाढवूनच धरा. साधारण हिशोब असा की पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर खाली ८० ते १०० हर्ट्झपर्यंत सुखात चालतात, टॉवर ६० ते ८० पर्यंत, आणि ते मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर १२० ते १५० च्या खाली फारसं काही देत नाहीत.

सॅटेलाइटवाल्यांनी इथे जरा थांबून वाचा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही, पण १२०-१५० ला ते कळायला लागतं. मग सब सोफ्यामागे ठेवला तर टीव्हीवरच्या माणसाचा अर्धा आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटतो. अशा सेटमध्ये सब समोर टीव्हीच्या भिंतीलाच ठेवा.

२. मग सब निवडा

सब त्याच कंपनीचा घ्यायला लागतो का, असं बरेच जण विचारतात. नाही लागत. सेंटर (टीव्हीखालचा) आणि फ्रंट (टीव्हीच्या दोन्ही बाजूंचे) स्पीकर एका घराण्याचे असावेत कारण संवाद त्यांच्यातून फिरत असतो, सब ८० च्या खालचंच काम करणार, तिथे कंपनीचा काही संबंध नाही.

बॉक्स बंद की पोर्टवाला, म्हणजे भोक असलेला, हे मात्र बघा. पोर्टवाला तेवढ्याच ॲम्पवर जास्त दणका देतो पण त्याच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे ते भोक ज्या सुराला लावलेलं असतं त्याच्या, खाली आवाज झपकन पडतो, ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की) २४ डीबीने. बंद बॉक्सचा आवाज हळू उतरतो, १२ डीबीने, आणि लहान खोली स्वतःच खालच्या बासला थोडा हातभार लावते. त्यामुळे दहा बाय चौदाच्या हॉलला दहा इंची बंद बॉक्स छान बसतो, सिनेमेच जास्त बघत असाल आणि जागा असेल तर पोर्टवाला घ्या. वॉटच्या आकड्यामागे धावू नका, १०० चे २०० वॉट केले तरी वाढतात फक्त ३ डीबी.

३. जोडणी

रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्पचा डबा, त्याच्या सब आउटमधून एक आरसीए केबल (एका पिनची ऑडिओ वायर) सबच्या एलएफई, म्हणजे सिनेमातल्या खास बास चॅनलच्या, इनपुटला, झालं. सबच्या मागे क्रॉसओव्हरचं, म्हणजे स्पीकरचं काम कुठे संपून सबचं सुरू होतं ते ठरवणारं, बटण असेल तर ते पूर्ण वर नेऊन ठेवा किंवा एलएफईवर टाका, कारण कुठे कापायचं ते रिसीव्हर ठरवणार. दोन्ही ठिकाणी कापलं तर मधे खड्डा पडतो आणि आवाज पोकळ लागतो. सबमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर रिसीव्हर आणि सब एकाच अर्थिंगवाल्या बोर्डवर लावून बघा, केबल टीव्हीची वायर काढून बघा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

४. जागा, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझ्याकडे सेट बसवायला आलेल्या मुलाने सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला, गेन, म्हणजे सबच्या मागचं आवाजाचं बटण, तीन चतुर्थांश फिरवला आणि गेला. दोन आठवडे प्रत्येक पुरुषाचा आवाज सर्दी झाल्यासारखा, आणि गाण्यात एकच सूर घुमत राहायचा. मला वाटलं सबच वाईट निघाला. नंतर हिशोब केला तेव्हा उलगडलं. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, माझा हॉल चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर लांब, तर त्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमधे अडकून घुमतो, आणि दहा फुटी रुंदीत ५६ चा. कोपऱ्यात ठेवलेला सब असे सगळे सूर एकदम पेटवतो. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती बास बाहेर सोडत नाहीत त्यामुळे हे जास्तच जाणवतं. आणि सोफा बरोबर खोलीच्या मध्यावर असेल तर उलटं होतं, तिथे तो ४० चा सूर जवळजवळ गायबच असतो, गेन कितीही वाढवा.

उपाय सोपा आहे. सब उचलून तुमच्या नेहमीच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवा, ज्यात बास गिटार वेगवेगळ्या सुरांवर चालते असं ओळखीचं गाणं लावा, आणि तुम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा, सब शेवटी जमिनीवर जिथे येईल त्या उंचीला कान ठेवून. कुठे एक सूर फुगतो, कुठे दुसरा गायब होतो, आणि एखाद्या ठिकाणी सगळे सूर सारखे आणि सुटे ऐकू येतात. ती जागा सबची. माझी निघाली टीव्हीच्या भिंतीला, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर, चपलांच्या रॅकची जागा. रॅक हलवायला घरात थोडं बोलणं खावं लागलं पण फरक सगळ्यांना ऐकू आला.

५. रिसीव्हरचं सेटिंग

ऑटो कॅलिब्रेशनचा, म्हणजे रिसीव्हर टोन वाजवून स्वतःच सेटिंग ठरवतो त्याचा, माइक बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीला ठेवा, स्टँड किंवा ट्रायपॉडवर, उशीवर नको. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या.

संपल्यावर मेनूत जाऊन तपासा. रिसीव्हर बरेचदा फ्रंट स्पीकरना लार्ज ठरवतो, ते सगळे स्मॉल करा. स्मॉल म्हणजे स्पीकर लहान आहे असं नाही, त्याच्यावरचं खालचं ओझं सबकडे द्या एवढाच अर्थ. मग क्रॉसओव्हर ८० ला ठेवून सुरुवात करा. रिसीव्हरने एखाद्या स्पीकरला १०० किंवा १२० सुचवलं असेल तर तो आकडा खाली आणू नका, वर नेलात तर चालतं. एलएफई चॅनलचा लो पास, म्हणजे त्याच्या वरचं कापणारी मर्यादा, वेगळा असतो, तो १२० वरच राहू द्या. एलएफई प्लस मेन असा पर्याय दिसला तर बंद ठेवा, तोच बास दोन ठिकाणहून येऊन चिखल होतो.

सबचं अंतर आठ फूट असताना रिसीव्हर बारा दाखवतो, असं झालं तर घाबरू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, रिसीव्हरने तो उशीर धरलेला असतो, आकडा तसाच राहू द्या.

६. लेव्हल आणि फेज

सबचा गेन मध्यावर ठेवूनच कॅलिब्रेशन करायचं. नंतर रिसीव्हरमध्ये सबची लेव्हल उणे १२ ला टेकलेली दिसली तर सब फार मोठा ठेवलाय, गेन कमी करून परत करा. शून्याच्या आसपास किंवा उणे पाचपर्यंत आलं की छान. चवीपुरता दोन-तीन डीबी वाढवलात तरी हरकत नाही, त्याच्यावर गेलात की बातम्या देणाऱ्याच्या छातीत ढोल वाजायला लागतो.

फेज म्हणजे सब आणि स्पीकरची कंपनं एकमेकांच्या बरोबरीने चालतात की उलटी, ते. त्यासाठी दोन माणसं लागतात. ८० हर्ट्झचा टेस्ट टोन स्पीकर आणि सब दोन्हीतून लावा, तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याला सबच्या मागचा स्विच ० आणि १८० वर करायला सांगा. ज्या बाजूला आवाज जास्त भरीव येतो ती बरोबर. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण तेच सोडून देतात.

७. खडखड शोधा, खालच्यांचा विचार करा

३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जाणारा टोन लावून घरात फिरा. आमच्याकडे ४५ च्या आसपास स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं बारीक झणझणायची, तो आवाज मी कितीतरी दिवस सबचा समजत होतो. ताटांमागे फडक्याची घडी सरकवली, संपलं.

सबखाली जाड रबराची किंवा फोमची चटई घाला, फरशीतून स्लॅबमध्ये जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बास मात्र चटई अडवत नाही, म्हणून रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारा) लावा आणि सबची लेव्हल पाच-सहा डीबी उतरवा. खालच्या मजल्यावरच्या काकांना एकदा विचारून घ्या की किती ऐकू येतं, आम्ही विचारलं तेव्हा कळलं की आमचा सब बरोबर त्यांच्या पलंगाच्या वर होता, मग रॅकच्या त्याच भिंतीला दोन फूट पुढे सरकवला आणि कॅलिब्रेशन परत केलं.