गाडीत फोन नव्याने जोडण्याआधी काय काय हाताशी हवं

अर्धा तास मोकळा ठेवा आणि गाडी उभी असतानाच हे काम काढा. निघायच्या घाईत किंवा सिग्नलला थांबल्यावर हे होत नाही. गाडी हलू लागली की गाडीच्या स्क्रीनमागच्या बऱ्याच सिस्टीम पेअरिंगचा, म्हणजे ब्लूटूथने फोन जोडण्याचा, मेनूच बंद करतात. गाडी उघड्यावर उभी हवी, कारण मध्ये इंजिन सुरू करावं लागणार आहे, आणि बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन जिवावर बेतू शकतं.

फोन चार्ज केलेला हवा, हे वेगळं सांगायला नको. पॉवर सेव्हिंग मोड मात्र आठवणीने बंद करा. दोन-चार गाणी फोनमध्येच उतरवून ठेवा, म्हणजे गाणं अडखळलं तर ब्लूटूथ अडखळतंय की नेट, हा प्रश्न उरत नाही. एक केबल घ्या, पण डेटा जाणारी. काही केबलींमधून फक्त चार्जिंग होतं आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकाला लावल्यावर फोनमधले फोटो दिसले तर केबल चालेल. आणि घरातला दुसरा एखादा फोन सोबत घ्या, तो कधीही न जोडलेला असला तर उत्तम. दुसरा फोन नीट चालला तर दोष तुमच्या फोनमध्ये किंवा गाडीतल्या त्याच्या जुन्या नोंदीत आहे, आणि तोही अडला तर गाडीत. एवढं पाच मिनिटांत कळतं, नाहीतर दोन तास नको त्या सेटिंगमध्ये जातात.

आता मुख्य गोष्ट. जुनी जोडणी पुसायची ती दोन्हीकडून. फोनमधून, आणि गाडीतूनही. मागच्या वेळी गाडीकडची नोंद तशीच राहिली आणि बाकी सगळं बरोबर करूनही फोन जोडला गेला नाही. म्हणून हे आधी वाचा आणि आधीच करा.

त्यामागचं कारण असं. पहिल्यांदा पेअर होताना फोन आणि गाडी मिळून एक किल्ली ठरवतात आणि तिची एकेक प्रत दोघांकडे राहते. पुढच्या वेळी न विचारता जोडणी होते ती या किल्लीवर. तुम्ही फोनमध्ये ‘फरगेट’ दाबलंत की फोनकडची प्रत जाते, गाडीकडची जागच्या जागी राहते. मग गाडी तुमच्या फोनला जुन्या किल्लीने हाक मारते आणि फोन ती मानत नाही. स्क्रीनवर हे ओळखू येतं. यादीत फोनचं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवलं की गोल चक्र फिरतं, आठ-दहा सेकंदांनी जोडणी झाली नाही असा संदेश येतो, आणि नाव मात्र यादीत तसंच. हे दिसलं की दुसरं काही करत बसू नका, गाडीतलं नाव पुसा.

पुसायच्या जागा दोन नाहीत, चार असू शकतात. फोनमधली ब्लूटूथची यादी ही पहिली. दुसरीही फोनमध्येच, फोनचे नकाशे आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयीत (अँड्रॉइडवर अँड्रॉइड ऑटो, आयफोनवर कारप्ले). अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंग्जमध्ये आधी जोडलेल्या गाड्यांची वेगळी यादी असते, आणि आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले असं गेलं की गाडीचं नाव आणि त्याखाली ‘फरगेट धिस कार’ दिसतं. तिसरी, गाडीतली ब्लूटूथची यादी. चौथी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वायरलेस कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो असलेल्या काही सिस्टीम त्यांची यादी ब्लूटूथपासून वेगळ्या मेनूत ठेवतात, कुठे ‘स्मार्टफोन’, कुठे ‘प्रोजेक्शन’ अशा नावाने. ब्लूटूथमधून फोन पुसला तरी तिथे तो उरतो. दोन्ही मेनू उघडून डोळ्यांनी खात्री करा.

नवा फोन घेतला असेल तर हे दुप्पट लागू. जुन्या फोनचा सगळा डेटा नव्यात आणला की फोनचं नावही बऱ्याचदा तेच येतं. गाडीच्या यादीत तुमचं नाव असतं, ते जुन्या फोनचं. तुम्हाला वाटतं हाच की आपला, आणि त्यावरच बोट मारत राहता. पुसा तो. यादीतली वापरात नसलेली बाकीची नावंही काढा, कारण किती फोन लक्षात ठेवायचे याला प्रत्येक सिस्टीममध्ये मर्यादा असते, आणि यादी भरली की काही सिस्टीम काहीही न सांगता नवा फोन नाकारतात.

चारही जागा रिकाम्या झाल्या की सिस्टीम खरोखर बंद करा. चावी फिरवून लगेच पुन्हा सुरू केली तर ती बंद झालेलीच नसते. इंजिन बंद केल्यावर ती काही वेळ जागी राहते, आणि बऱ्याच गाड्यांत दार उघडल्यावरच झोपी जाते. म्हणून गाडी बंद करा, खाली उतरा, दार लावून लॉक करा, दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात फोनही रीस्टार्ट करून घ्या. सिस्टीमचं पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की स्क्रीन रीस्टार्ट होणाऱ्या गाड्याही आहेत. ती सोय असेल तर वापरा, बॅटरीच्या वायरी काढू नका.

परत आल्यावर आधी इंजिन सुरू करा, मग पेअरिंगला हात घाला. उलट केलं तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली येतं, स्क्रीन क्षणभर विझून पुन्हा उठते आणि पेअरिंग अर्ध्यावर तुटतं. अर्धवट नोंद पुन्हा यादीत राहते, म्हणजे पुन्हा पुसणं आलं. गाडीत कोणी बसलं असेल तर त्याच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला सांगा. आधी जोडलेला फोन जवळ असला तर गाडी आपणहून त्यालाच धरते.

फोनवर ब्लूटूथचं पान उघडं ठेवा. ते उघडं असेपर्यंतच फोन इतरांना दिसतो. गाडीतून शोध घ्या, नाव निवडा, दोन्हीकडे सहा आकडी नंबर येईल. तो जुळतोय का हे पाहूनच होकार द्या. त्यानंतर फोन एकामागून एक परवानग्या मागतो, संपर्क, मेसेज, कारप्ले वापरायचं का वगैरे. इथे घाईने ‘नाही’ दाबलं जातं आणि मग गाडीत नावांऐवजी नुसते नंबर दिसतात. कॉल, गाणी आणि संपर्क यांचे ब्लूटूथमधले मार्ग वेगवेगळे असतात आणि एक चालू असून दुसरा बंद असू शकतो. ‘कॉल लागतो पण गाणं वाजत नाही’ याचा उलगडा बहुधा इथेच होतो. अँड्रॉइडमध्ये गाडीच्या नावाशेजारचं दातेरी चक्र दाबलं की तिन्हींची वेगवेगळी बटणं दिसतात. आयफोनमध्ये तिथेच उपकरणाचा प्रकार ‘कार स्टिरिओ’ निवडून ठेवा.

वायरलेस कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो हवं असेल तर लक्षात घ्या, ब्लूटूथ मुख्यतः ओळख करून देतो, चित्र आणि गाण्यांचा आवाज वायफायवरून जातात. म्हणून फोनचं वायफाय चालू हवं, नेट मोबाइलचं असलं तरीही. फोनचा हॉटस्पॉट बंद ठेवा, व्हीपीएन असेल तर तोही. अँड्रॉइडच्या बाजूने सरसकट 11 किंवा त्यापुढची आवृत्ती आणि 5 गिगाहर्ट्‌झचं वायफाय लागतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सोय मोजक्याच फोनना आहे. आयफोनवर सिरी बंद असेल तर कारप्ले सुरू होत नाही, आणि स्क्रीन टाइममध्ये कारप्लेवर बंदी घातलेली असू शकते, तेही पाहा. पहिली जोडणी केबलने करता येत असेल तर तशीच करा, कमी अडते. आणि गाडीला मुळात वायरलेस सोय आहे का हे गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. कित्येक सिस्टीममध्ये ती केबलपुरतीच असते.

आयफोनवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. वरून ओढून येणाऱ्या कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण ब्लूटूथ बंद करत नाही, फक्त जोडलेली उपकरणं सोडतं आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे 5 पर्यंत ती आपणहून जोडत नाही. गाडी फोन घेत नाही म्हणून तक्रार असते आणि आदल्या संध्याकाळी तेच बटण दाबलेलं असतं. बंद-चालू करायचं ते सेटिंग्जमध्ये जाऊन.

इतकं करूनही जोडलं जात नाही? गाडीतलं नाव पुसलंत का? फोनमधलं नाही, गाडीतलं.

जोडलं गेलं की लगेच निघू नका, तपासून घ्या. आधी एक कॉल, मग फोनमधलं उतरवलेलं गाणं, मग नकाशाचा आवाज, याच क्रमाने. गाणं फोनवर पुढे सरकतंय पण आवाज नाही, तर गाडीचा सोर्स रेडिओवर राहिला असेल, तो ब्लूटूथवर आणा. आवाज बारीक असेल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण वर न्या आणि मग गाडीचा ठरवा. फोनचा आवाज कमी ठेवून गाडीचा चढवला तर गाण्यासोबत खरखरही चढते. अँड्रॉइडमध्ये एका बटणाने दोन्हीकडचा आवाज हलतो आणि तरी पुरेसा होत नाही, तेव्हा डेव्हलपर ऑप्शन्स या सेटिंग्जमधल्या एरवी लपलेल्या पानावर ‘डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करा. मग फोनचा आणि गाडीचा आवाज वेगवेगळा लावता येतो. त्या पानावर बाकी काही हलवू नका.

कॉलचा आणि नकाशाचा आवाज गाण्याच्या आवाजाहून वेगळा साठवला जातो. तो बदलायचा तर कॉल चालू असताना किंवा नकाशा बोलत असतानाच बटण फिरवावं लागतं. गप्प असताना फिरवलं तर गाण्याचाच आवाज बदलतो. समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर गाडीतला कॉलचा आवाज कमी करा. माइक छतावरच्या दिव्यापाशी किंवा स्टिअरिंगच्या आसपास असतो, त्यावर एसीचा झोत येत असेल तर झडप वळवा.

गाणं अडखळतं तेव्हा फोन कुठे आहे ते पाहा. मागच्या खिशात किंवा पर्समध्ये सामानाखाली असेल तर वर काढा, शरीर ब्लूटूथच्या लहरी शोषतं. चार्जर उपटून पाहा, काही स्वस्त चार्जर या लहरींत गोंधळ घालतात. ब्लूटूथवर व्हिडिओतले ओठ आणि आवाज किंचित पुढेमागे होणं हा दोष नाही, त्याच्या मागे लागू नका. ऑक्सच्या वायरवर (फोनचा आवाज ब्लूटूथऐवजी वायरीने गाडीत नेणारी) घूं आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो, तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आहे. फोन त्याच गाडीच्या सॉकेटवर चार्जिंगला असताना हे होतं. चार्जर काढल्यावर थांबलं तर निदान झालं. कायमचा उपाय म्हणून ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा आवाज अडवणारा छोटा भाग, बसवा.

सगळं करून थकलात तर नेटवर्क रीसेट. फोनमधले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधीच लिहून ठेवा. बाकीची ब्लूटूथ उपकरणंही पुन्हा जोडावी लागतील. आणि रीसेटने पुसली जाते ती फक्त फोनची बाजू, गाडीतलं नाव पुन्हा हाताने पुसावंच लागतं. इथेच दुसऱ्यांदा फसायला होतं.

सिस्टीमचा अपडेट असेल तर पेन ड्राइव्ह गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तसा फॉरमॅट करा, अपडेट होईपर्यंत इंजिन बंद करू नका. नंतर दोन्हीकडून पुसून नव्याने जोडा. गाडीच्या सिस्टीमचा फॅक्टरी रीसेट त्याच्याही नंतर, रेडिओची स्टेशनं आणि साठवलेले पत्ते जातील हे धरून. दुसरा फोनही अडत असेल तर सर्व्हिस सेंटर, आणि जाताना तो दुसरा फोनही सोबत न्या, दोष गाडीचा आहे हे तिथेच दाखवता येतं. गाडी विकताना किंवा भाड्याची परत करताना फोनमधून गाडी काढली म्हणजे झालं नाही. संपर्क आणि कॉलची यादी गाडीत राहते, गाडीतून पुसा.