बातमीतला ‘चार्ज’ मराठीत आणताना

इंग्रजी बातमीत ‘चार्ज’ दिसला की आधी कर्ता शोधा: पोलीस, न्यायालय, सरकार की वीज कंपनी?

सर्वाधिक घोळ गुन्हेवृत्तात होतो. ‘चार्ज्ड’ म्हणजे कधी नुसता गुन्हा नोंदवलेला असतो, कधी तपासाअंती पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलेलं असतं, तर कधी न्यायालयाने आरोप निश्चित केलेले असतात. तिन्ही टप्पे वेगळे, मधे महिने-वर्षं जाऊ शकतात. पोलीस ठाण्यात कालच गुन्हा नोंदवलेल्या माणसाबद्दल ‘आरोप निश्चित’ छापणं हा त्याच्यावर अन्याय आहे. खूण सोपी: बातमीत ‘एफआयआर’ असेल तर गुन्हा दाखल, ‘चार्जशीट’ असेल तर आरोपपत्र, ‘फ्रेम्ड’ असेल आणि कर्ता न्यायालय असेल तरच आरोप निश्चिती. यातलं काहीच नसेल तर वार्ताहराला फोन करा, अंदाज नको. आरोपपत्राची तारीख तर दोनदा तपासा. आरोपी कोठडीत असताना ते गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दाखल झालं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. एका दिवसाच्या चुकीने बातमीचा अर्थच बदलतो.

मंत्रालयाच्या बातमीतला ‘अ‍ॅडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. मोर्चावरचा ‘लाठीचार्ज’ म्हणजे लाठीमार; ‘लाठीहल्ला’ लिहिलं की बातमीदार बाजू घेतो. वीजबिलात मात्र ‘शुल्क’ नको, तिथे ‘आकार’ रुळलाय: स्थिर आकार, वहन आकार. वाचक बिल हातात घेऊन तोच शब्द शोधतो.