पावडरचा डबा सगळ्यात शेवटी आणायचा

एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर) प्रबंधाला ‘क्रिएटिन घेतल्याने व्यायामानंतरची स्नायूंची इजा कमी होते का’ असा विषय मिळाला, की पोरं पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन क्रिएटिनचा, म्हणजे जिमवाले ताकदीसाठी घेतात त्या पावडरचा, डबा उचलतात. गेल्या वर्षी मीही उचलला होता. त्या डब्याचं काय झालं ते पुढे येईलच. यंदा एकाने तयारी काय करू म्हणून फोन केला, त्याला सांगता सांगता हे लिहून काढलं.

आधी कॅलेंडर काढा. अठ्ठावीस दिवस पावडर आणि वर पाच दिवस मोजणी (पहिल्याच दिवशी ठोकळ्यावरून उड्या मारायला लावून मांड्या मुद्दाम दुखवायच्या, मग ताकद किती घटली ते मोजायचं), म्हणजे सलग पाच आठवडे पोरं हाताशी हवीत. मे महिना सोडूनच द्या. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ताकद कमी भरली ती इजेने की उन्हाने, हे कोण सांगणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरं गावी जातात, नवरात्रात निम्म्यांचे उपवास, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत फोनच उचलत नाहीत. राहिला डिसेंबर-जानेवारी. वांग्याच्या भरताच्या पार्ट्या तेव्हा जोरात असतात, पण भरताने काही बिघडत नाही. बिघडतं ते लग्नांनी. वरातीत दोन तास नाचलेल्या पोराच्या मांड्यांचं दुसऱ्या दिवशीचं माप टाकून द्यावं लागतं. मोजणीच्या आठवड्यात कुणाच्या घरी, भावकीत लग्न आहे का, हे नावानिशी विचारून ठेवा.

कागदपत्रांना वेळ लागतो म्हणून ती आधी सुरू करा. नैतिकता समितीची मंजुरी आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी, दोन्ही पहिल्या पोराला घेण्याआधी. संमतीपत्र मराठीत छापा, पण समजावताना अहिराणी बोलणारा कुणी सोबत असू द्या. पोरं मराठीत वाचतात आणि शंका अहिराणीत विचारतात. ‘सर, पाय कितला दिन दुखतीन?’ याचं खरं उत्तर तीन-चार दिवस, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. तेच सांगा, कमी करून सांगू नका.

आता पोरं निवडायची. इथे नेमकं काय मोजतोय ते डोक्यात पक्कं हवं. वणीच्या गडावर पायी गेलेल्यांना हे शिकवावं लागत नाही: चढताना धाप लागते, पण घरी आल्यावर मांड्या धरतात त्या उतरण्याने. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला, की त्याच्या तंतूंना इजा होते. शिवाय एकदा अशी इजा झाली की स्नायू पुढच्या वेळेसाठी सावध होतो, आणि ते संरक्षण कित्येक आठवडे, कधी काही महिनेही टिकतं. म्हणून जिममध्ये नियमित लेग डे (पायांचा व्यायाम) करणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी किंवा नुकतीच गड उतरून आलेली पोरं या कामाला चालत नाहीत. आणि म्हणूनच त्याच पोराला आधी क्रिएटिन नसलेली साधी भुकटी आणि दोन महिन्यांनी क्रिएटिन द्यायचं, अशी मांडणी करू नका. दुसऱ्या वेळी पाय कमीच दुखणार, मग त्याला नुसतं पाणी पाजलं असतं तरी. दोन वेगळे गट करा. गट पाडण्याआधी माळकरी कोण आणि मटण-मासे खाणारे कोण ते वेगळं लिहून घ्या. क्रिएटिन मांसाहारातून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळात कमी असतं आणि पावडरने त्याचा साठा जास्त वाढतो. दोन्ही प्रकारची पोरं दोन्ही गटांत सारखी वाटली गेली पाहिजेत.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो, कारण दूरच्या विद्यापीठातले तयार अर्ज उतरवून घेतले की हा प्रश्न नेमका गळतो. नंदुरबारकडची, सातपुड्यातली पोरं आपल्या कॉलेजात असतात आणि त्या भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. जो नुसता वाहक असतो त्याला रोजच्या जगण्यात बहुतेक काही जाणवत नाही. पण अंगाची हद्द गाठणाऱ्या व्यायामात त्याचे स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येण्याचा धोका इतरांहून जास्त. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून अनेकांकडे तपासणीचं कार्डही असतं. कार्ड नसेल तर आधी तपासणी, मग नाव. वाहक निघाला तर त्याला उड्या मारायला लावायच्या नाहीत. आणि हे चारचौघांत विचारू नका, लग्नाच्या वयाची पोरं आहेत. खोलीत एकेकाला बोलवा आणि न घेण्याचं कारण यादीत लिहू नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेले आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारेही वगळायचे.

मोजण्याची खुर्ची हे तयारीतलं सगळ्यात मोठं काम. दुखणं शून्य ते शंभर मिलिमीटरच्या रेघेवर खूण करून मोजतात, ते मोजाच, पण एक पोरगं कण्हतं आणि दुसरं तेवढ्याच दुखण्यात हसतं. रक्तातल्या सीकेचंही (क्रिएटिन कायनेज, स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं ते) तसंच: एकाचा आकडा हजारांत जातो, शेजारच्याचा जागचा हलत नाही. इजा किती झाली हे त्यातल्या त्यात सरळ सांगते ती घटलेली ताकद. त्यासाठी लाखांचं यंत्र नसलं तरी चालतं. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी खुर्ची वेल्ड करून घ्या, कमरेला गाडीचा सीटबेल्ट, घोट्याला रुंद पट्टा, पट्ट्यापासून मागच्या पाइपापर्यंत साखळी आणि साखळीच्या मध्ये लटकता डिजिटल काटा. केळीचे घड मोजायचा पन्नास किलोचा काटा पुरत नाही, दणकट पोरगं तो सहज पार करतं. दोनशे किलोचा घ्या, सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारं बटण असलेला. तो तपासायला जिमच्या प्लेटा लावणार असाल, तर त्या आधी धान्याच्या दुकानात मोजून आणा. वर २० लिहिलेली प्लेट २० किलोचीच असते असं नाही. गुडघा ९० अंशांत, प्रत्येकी तीन प्रयत्न, मध्ये मिनिटभर विश्रांती. मोजणीच्या आठवड्याआधी दोनदा खुर्चीवर बसवून सराव द्या, नाहीतर ताकद वाढली की नुसती हातोटी आली ते कळणार नाही. सराव खुर्चीचा, उड्यांचा नाही.

उड्यांना लागतो फक्त साठ सेंटिमीटर उंच, न डुगडुगणारा लाकडी ठोकळा. त्यावरून खाली उतरायचं, गुडघे वाकवून भार पेलायचा आणि लगेच वर उसळायचं. वीस-वीसचे पाच सेट, दोन उड्यांमध्ये दहा सेकंद, सेटनंतर दोन मिनिटं. मग लगेच, आणि पुढे २४, ४८, ७२, ९६ तासांनी त्याच वेळेला खुर्ची. रक्त घेणाऱ्या लॅबवाल्याशी आधीच बोला: नमुना लगेच थंड पेटीत, आणि सगळे नमुने एकाच यंत्रावर. त्या आठवड्यात दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलेल्याचा सीके त्या टोचण्यानेही वाढतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर कुठल्या डॉक्टरांना, कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो कागद प्रत्येकाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी पोरं मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात. आईसुद्धा देते. म्हणून घरी एक फोन करा. जेवणाची वही द्या, पण ‘प्रथिने किती ग्रॅम’ असा रकाना नको. कळण्याच्या भाकरी किती, वरण किती वाट्या, अंडी किती, एवढंच. हिशोब आपण करायचा.

आता डबा. गेल्या वर्षी मी पेलाभर पाण्यात पाच ग्रॅम क्रिएटिन ढवळून देत होतो, दुसऱ्या गटाला माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे ती क्रिएटिन नसलेली साधी भुकटी. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक जण पेला उजेडात धरून म्हणाला, ‘सर, मन्हा पेलामा रेती शे.’ क्रिएटिन थंड पाण्यात पुरतं विरघळत नाही, तळाशी कण बसतात. माल्टोडेक्स्ट्रिन स्वच्छ विरघळतं. सकाळच्या चहापर्यंत सगळ्या वर्गाला कुणाला काय ते माहीत. सगळं पहिल्यापासून. यंदा रोज तीन ग्रॅमच. हल्टमन या संशोधकाच्या १९९६ च्या अभ्यासात तीन ग्रॅमने अठ्ठावीस दिवसांत स्नायूंतला साठा तेवढाच वाढला, जेवढा वीस ग्रॅमने सहा दिवसांत. ते तीन ग्रॅम तीनशे मिली कोमट लिंबू सरबतात विरघळतात, तळाशी बसत नाहीत. सरबत त्या वेळीच करायचं. क्रिएटिन आंबट पाण्यात पडून राहिलं की हळूहळू क्रिएटिनिन होतं. डबे एकाच बॅचचे, सीलबंद, एफएसएसएआय क्रमांक असलेले, क्रमांकाचा फोटो काढून ठेवलेला. वजनकाटा पोरांना दाखवायचा नाही, क्रिएटिनवाल्याचं किलोभर वजन वाढलं की गुपित फुटतं.

पुड्या बांधणारा वेगळा, वाटणारा वेगळा. कुठल्या नंबरला काय, ती चिठ्ठी लाखेने बंद करून ग्रंथपालांच्या कपाटात. मी मागितली तरी द्यायची नाही, असं त्यांना माझ्यासमोरच सांगून ठेवलंय.