टाकीतला मासा, मैदानातली चढाई आणि बेताच्या बजेटमधला कॅमेरा

टाकीत सुळसुळणारा झेब्रा डॅनिओ आणि चढाईला निघालेला कबड्डीपटू, दोघांचेही फोटो एकाच कारणाने बिघडतात: उजेड कमी, हालचाल जास्त. पण दोन्हींवरचा इलाज निराळा आहे. टाकीत उजेड तुम्हाला हवा तेवढा आणता येतो, म्हणून तिथे पैसे फ्लॅशवर घालायचे. बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) दहा वर्षांपूर्वीची असली तरी चालते. मैदानात उजेड मिळेल तो घ्यावा लागतो, तिथे ऑटोफोकस आणि लेन्स यांवरच सगळं ठरतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी एवढंच ठरवा: वर्षभरात जास्त फोटो कशाचे काढणार?

नव्या किट कॅमेऱ्याचा, म्हणजे साध्या लेन्ससकट मिळणाऱ्याचा, मोह टाळा. बेताच्या पैशांत नवा घ्यायचा म्हटलं की कॅनन १५००डी समोर येतो. त्यात फोकसचे ९ पॉइंट आणि सेकंदाला ३ फोटो मिळतात. खेळासाठी हे अपुरं आहे, आणि टाकीसाठी एक वेगळीच गोची आहे. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉटशूमधली (कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच कॅननने काढून टाकली आहे. एकाच पिनवर चालणारा स्वस्त फ्लॅश किंवा ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) त्यांवर चालत नाही. हॉटशूकडे एकदा निरखून पाहा: मधोमध गोल धातूचा ठिपका नसेल तर घ्यायचा ट्रिगर त्या मॉडेलवर चालतो का, हे दुकानातच लावून बघा.

त्याच पैशांच्या आसपास सेकंडहँड बाजारात वरच्या श्रेणीची बॉडी मिळू शकते. दोन्ही कामं करायची असतील तर निकॉन डी७२०० (२०१५) किंवा कॅनन ८०डी (२०१६). डी७२०० मध्ये फोकसचे ५१ पॉइंट, सेकंदाला ६ फोटो. ८०डीमध्ये ४५ पॉइंट, सेकंदाला ७. दोघांचा फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) १/२५० सेकंद आणि हॉटशू पूर्ण पिनांचा. निकॉनच्या फाइलमधल्या सावल्या उजळल्या तरी स्वच्छ राहतात. ८०डीला मात्र अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीशी शटरचा मेळ घालणारी सोय) आहे, आणि हॉलमधल्या दिव्यांखाली खेळ टिपणाऱ्याला त्याची किंमत कळते. स्वस्तात मिळतोय म्हणून डी७१०० घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: फोकस चांगला आहे, पण बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवायची जागा) इवलासा. १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) पाच-सहा फोटोंतच धाप लागते. डी७२०० तिथे अठरापर्यंत जातो. सोनी ए६००० हलका आहे, सेकंदाला ११ फोटो काढतो; पण सिंक १/१६० आणि बॅटरी लवकर संपणारी, त्यामुळे जोडीला दोन जादा बॅटऱ्या हव्यातच.

पैशांची वाटणी अशी करावी: बॉडीला निम्मे, लेन्सला तीस टक्के, उरलेले फ्लॅश, ट्रिगर आणि कार्डाला. सगळे पैसे बॉडीत घालून तिला १८-५५ ची साधी किट लेन्स लावणारे फार दिसतात. तो तोट्याचा सौदा.

लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी अक्षरं नीट वाचावीत. डी३०००, डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर हातानेच फोकस करावा लागतो. उलट नव्या एएफ-पी लेन्स डी७०००, डी५१००, डी३२०० यांवर ऑटोफोकस करतच नाहीत. दोन्ही प्रकारच्या लेन्स स्वस्तात विकायला येतात, त्याचं एक कारण हेही.

टाकीसाठी

साध्या एलईडी पट्टीखाली एफ/२.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० ठेवूनही शटर बहुतेक १/१२५च्या आसपासच मिळतो. एंजल किंवा डिस्कसला तो पुरतो. गप्पीला १/२५० आणि डॅनिओला १/५०० लागतो. शिवाय इतक्या जवळून एफ/२.८ वर डोळा स्पष्ट आला तर शेपटी विरघळते. अख्खा मासा रेखीव हवा असेल तर एफ/८ हवा, आणि तेवढा उजेड फ्लॅशशिवाय येत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलक्या प्रतीच्या एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. वेगवान शटरला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, असा खेळ होतो. फ्लॅशशिवाय काढायचं झालं तर १/१०० किंवा १/५० वरच राहा.

फ्लॅश कॅमेऱ्यावर लावायचा नाही. समोरच्या काचेत पांढरा गोळा दिसेल. गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश टाकीच्या झाकणकाचेवर पालथा ठेवा, पाणी उडू नये म्हणून पारदर्शक पिशवीत घाला आणि ट्रिगरने पेटवा. पिशवी फक्त शूटपुरती, फ्लॅश तापला की काढून गार होऊ द्या. दोन फुटी टाकीसाठी सुरुवात: एफ/८, १/२००, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवर. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. त्यात मासा दिसत असेल तर टाकीचा दिवाही चित्रात घुसतोय. मग माशामागे धूसर शेपूट उमटतं. काळा आला की फ्लॅश लावा. १/८ पॉवरवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो. मासा गोठतो तो त्यानेच, शटरने नव्हे. म्हणून इथे हाय स्पीड सिंक (सिंकहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) चालू करू नका. त्यात फ्लॅश लांबवर धडधडत राहतो, ताकद घटते आणि गोठवण्याचा गुण जातो. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलात तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही.

लेन्स काचेला काटकोनात हवी. जरा तिरकी झाली की कडांवर रंगीत झालर येते, आणि माणसं त्यासाठी लेन्सला दोष देतात. रबरी हुड काचेला टेकवला तर खोलीचं प्रतिबिंब जातं. निकॉन ४० मिमी मायक्रो किंवा सेकंडहँड टॅमरॉन ९० मिमी मॅक्रो उत्तम. तेवढे पैसे नसतील तर ५० मिमी एफ/१.८ आणि १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोकस व्हावा म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी). ट्यूब मात्र विजेच्या संपर्कबिंदूंची घ्या. बिनसंपर्काच्या ट्यूबवर निकॉनची 'जी' प्रकारची लेन्स (छिद्राची कडी नसलेली) सर्वांत लहान छिद्रावर बंद होते, तर कॅननची ईएफ लेन्स पूर्ण उघडी राहते. दोन्हींत एफ/८ काही मिळत नाही.

शूटच्या आदल्या दिवशी पाणी बदला, शूटच्या दिवशी खाणं नंतर द्या. फिल्टर आणि एअरपंप दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवले की बुडबुडे निघून जातात, कण खाली बसतात. काम संपलं की ते पुन्हा सुरू करायला विसरू नका. मासा मागे मागे पळत असेल तर काचवाल्याकडून टाकीच्या उंचीची ५ मिमी काच कडा घासून आणा आणि समोरच्या काचेपासून १० सेंमीवर आत उभी करा. फोकस त्या पट्ट्याच्या मधोमध हाताने लावा, शरीर किंचित पुढे-मागे डोलवा आणि डोळा रेखीव दिसला की बटण दाबा. सार्वजनिक मत्स्यालयात फ्लॅश वापरू नका. तिथे संथ मासे निवडावेत.

मैदानासाठी

दिवसाउजेडी क्रिकेट किंवा बैलगाडा शर्यत असेल तर कॅनन ५५-२५० एसटीएम किंवा निकॉन ७०-३०० एएफ-पी पुरते. शटर १/१००० च्या खाली नको, फलंदाजाच्या बॅटसाठी १/२०००. फोकस सतत चालणारा: निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्वो. शर्यतीच्या धुळीत मैदानावर लेन्स बदलू नका.

हॉलमधली कबड्डी मात्र एफ/५.६ च्या लेन्सला झेपत नाही. ८५ मिमी एफ/१.८, एफ/२ वर, १/५०० ते १/८००, आयएसओ ३२०० ते ६४००. दाणे दिसतील, पण हलल्याने धूसर झालेला चेहरा कशानेच सुधारत नाही.

घेण्याआधी

मित्राला स्कूटर घेऊन तुमच्याकडे सरळ यायला सांगा, वेग ताशी पंधरा-वीस. रस्ता मोकळा असावा. नंबरप्लेटवर मधला पॉइंट धरून सलग वीस फोटो काढा आणि पूर्ण झूम करून आकडे वाचा. पंधराच्या खाली स्पष्ट आले तर त्या बॉडी-लेन्सच्या जोडीला खेळासाठी नको म्हणा. शटर काउंट (बॉडीने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) निकॉनच्या जेपीजीतच लिहिलेला असतो. डी७२०० च्या शटरची कंपनीने सांगितलेली क्षमता दीड लाख आहे, ८०डीची एक लाख. एफ/१६ वर आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं धरून मागून मोबाइलचा टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ठेवलेल्या लेन्समध्ये ती हमखास तपासावी, आणि किंमत कितीही उतरवली तरी अशी लेन्स घेऊ नये.