रानपिंगळा शोधताना या चुका टाळा

सातपुड्यात पहिल्यांदा जाणाऱ्याला दिसेल तो पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, रानपिंगळाच वाटतो. वाटणारच. 1884 नंतर हा पक्षी कुणाला सापडत नव्हता, तो 1997 च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. 113 वर्षांनी! खानदेशाचा हा मोठा मान आहे, म्हणूनच नोंद करताना घाई नको.

आधी माथा बघा. गावातल्या चिंचेवर, विजेच्या तारेवर बसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या माथ्यावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसून तो शेपटी झटकत असतो. पण ‘दिवसा दिसला’ एवढ्यावरून नाव लिहू नका. गावातला पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. शंका असेल तर वहीत नुसतं ‘पिंगळा’ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते कितीतरी बरं.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं बंद करा. मला याची फार चीड येते. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो शिकार सोडून, कधी घरटंही सोडून धावत येतो. आपल्याला फोटो मिळतो, पिल्लं मात्र उपाशी राहतात. हतनूर धरणावरही हिवाळ्यात चक्रवाकांच्या थव्याकडे चालत जाऊ नका, काठावर बसून राहा.

शेतकरी भावांना एक विनंती. बांधावरचं पोकळ झाड ‘वाळलंय’ म्हणून सरपणाला तोडू नका. पिंगळ्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, तयार ढोलीच लागते. उंदरांसाठी विष ठेवलंत, तर तेच उंदीर खाऊन पिंगळाही मरतो, आणि शेतातले उंदीर फुकट मारणारा गडी जातो.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं की लोक घरी नेतात, दूध-पोळी भरवतात. दोन्ही चूक. दूध त्याला पचत नाही आणि रानपक्षी घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. धडधाकट असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा, कुत्र्या-मांजरांना हाकला आणि लांब जा. अंधार पडता पडता आई-बाप येतात. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. चोचीत पाणी मात्र ओतू नका. ते श्वासनळीत जातं.