बी.फार्म.चं ओझं हलकं करायचंय? मग या चुका टाळा

मुलं थकलेली दिसली की आपण फार्मसीचे शिक्षक सगळं खापर फार्मसी कौन्सिलच्या सिलॅबसवर फोडतो. पहिली चूक हीच. सिलॅबस जड आहे, यात वादच नाही. चौथं सेमिस्टर बघा: पाच थिअरी, चार प्रॅक्टिकल, ट्युटोरियल धरून आठवड्याला ३६ तास, आणि क्रेडिट २८. प्रॅक्टिकलचे चार तास म्हणजे फक्त दोन क्रेडिट, त्यामुळे क्रेडिटवरून ओझं मोजलं की फसगत होते. तास मोजा. ते ३६ तास आपल्या हातात नाहीत, पण त्यांच्यावर आपण जे चढवतो ते नक्की आहे.

सगळ्यात जास्त चढवतो ते जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. एकदा मेडिसिनल केमिस्ट्रीची जर्नलं तपासत होतो. बेंझोट्रायझोलचं प्रॅक्टिकल. एका मुलीचं यील्ड, म्हणजे हाती आलेल्या प्रॉडक्टचं प्रमाण, दशांशापर्यंत तिच्या सीनियरच्या जर्नलशी जुळत होतं. पानाला रोल नंबर घातलेली बटरपेपरची पुडी चिकटवलेली, आतलं प्रॉडक्ट तपकिरी आणि अजून ओलसर. विचारलं तर म्हणाली, "सर, थिअरी आणि प्रोसिजर उतरवता उतरवता रात्रीचे दोन वाजले. वजन करायचं राहूनच गेलं." मी तिच्यावर चिडलो नाही, कारण आठ पानांची सक्ती माझीच होती. प्रॅक्टिकलच्या ५० गुणांत जर्नल आणि नेहमीची व्हायव्हा (तोंडी परीक्षा) मिळून तीन गुण आहेत. त्या तिनांतल्या वाट्यासाठी मुलांची रात्र जात होती आणि ज्यासाठी प्रॅक्टिकल घ्यायचं, ते वजन, ते निरीक्षणच मागे पडत होतं.

आता मी छापील प्रोसिजर देतो. मुलांनी निरीक्षण, आकडेमोड आणि 'यील्ड कमी का आलं' एवढंच लिहायचं, तेही लॅबमध्येच, शेवटच्या अर्ध्या तासात. सही तिथेच. घरी काहीही न्यायचं नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे शेजारच्या टेबलावरचा शिक्षक काय शिकवतोय हे न विचारणं. चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीत ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम (स्वायत्त मज्जासंस्था) आहे आणि मेडिसिनल केमिस्ट्रीतही त्याच गटातली औषधं आहेत. ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचं संदेशवाहक रसायन कसं तयार होतं आणि कसं मोडतं, हे मुलं दोनदा ऐकतात, दोनदा लिहून घेतात आणि दोघांच्या वेगळ्या असाइनमेंट करतात. सेमिस्टरच्या आधी दोघा शिक्षकांनी तासभर बसा. आधी फार्माकॉलॉजीत रिसेप्टर होऊ द्या, लगेच त्याच आठवड्यात केमिस्ट्रीत रचना घ्या. असाइनमेंट दोघांत मिळून एकच. सिलॅबसची एक ओळही न वगळता मुलांचे कितीतरी तास वाचतात.

सेशनलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, आठवड्यात सबमिशन ठेवू नका. एवढं साधं आहे, तरी दरवर्षी होतं, कारण प्रत्येक जण आपापल्या विषयाची तारीख लावतो. सगळ्यांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर आणा.

केटीवाल्या, म्हणजे मागचे विषय राहिलेल्या, मुलांसाठी रविवारी जादा तास ठेवायचा मोह होतो. पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्यात जाता येत नाही, म्हणून आपल्यालाही घाई असते. पण ३६ तास भरून आलेल्या मुलाचा एकुलता सुटीचा दिवस त्यात जातो. त्याऐवजी सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाशी बसून केटीचा कुठला विषय आधी काढायचा ते ठरवा आणि ट्युटोरियलचा तास त्यासाठी वापरू द्या.

हजेरीचंही बघा. थिअरीत चार गुण हजेरीला आहेत आणि पूर्ण चार हवे असतील तर ९५ टक्के लागते. तापातलं पोर एका गुणासाठी वर्गात येऊन बसतं. त्याला घरी पाठवा आणि बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या.

हे सगळं करूनही एखादं मूल प्रॅक्टिकलला सारखं गैरहजर राहिलं किंवा गप्प गप्प झालं, तर 'अभ्यासात मन लाव' म्हणू नका. झोप किती होते, मेसमध्ये जेवतोस का, घरी काय चाललंय, हे एकट्याला बोलावून विचारा. उत्तर ऐकून काळजी वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर त्याच्यासमोरच लावा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.